पार्श्वभूमी : चालत्या इंजिनाचं ट्युनिंग आणि मिस्त्रीला कळेल असा स्क्रीन

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात. धुळे, पारोळा, जळगाव, भुसावळ या पट्ट्यात गॅरेजचा धंदा म्हणूनच जुना. फिएट, अ‍ॅम्बेसिडर, पेट्रोल जीप यांचं ट्युनिंग इथले मिस्त्री कानानं करत. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा, डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जरासा सरकवून टायमिंग बसवायचं, मग प्लग काढून रंग बघायचा. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर कमी. हात फिरला की त्याच क्षणी इंजिनाचा आवाज बदलायचा, ही या कामातली मोठी सोय होती. इंजिनावर संगणक बसला तेव्हा नेमकी तीच गेली.

बॉशनं १९६७ साली डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची प्रणाली बाजारात आणली. १९७९ च्या मोट्रॉनिकनं पेट्रोल आणि ठिणगी दोन्हींचा हिशेब एकाच डब्यात घेतला. किती आरपीएमला (मिनिटाला किती फेरे), किती भाराला किती पेट्रोल, हे आता चिपमधल्या तक्त्यात लिहिलेलं असे. त्यातला एक आकडा बदलायचा तर चिप काढा, अतिनील दिव्याखाली पुसा, पुन्हा लिहा, बसवा आणि गाडी चालवून बघा. पुढे चिपच्या जागी एम्युलेटर, म्हणजे चिपची नक्कल करणारं यंत्र, लावून इंजिन चालू असतानाच आकडे बदलता येऊ लागले. कंपन्यांच्या अभियंत्यांसाठी इन्का, कॅनेपसारखी सॉफ्टवेअर आली. ती ताकदवान आहेत, पण हजारो घटक हाताळणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनलेली.

सामान्य हौशी माणसाला दार उघडलं ते २००१ मध्ये. अमेरिकेतल्या ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी मेगास्क्वर्ट हा स्वतः जोडायचा ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, किट आणला. त्यासाठी एरिक फाल्ग्रेन यांनी मेगाट्यून हे ट्युनिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं, नंतर फिल टोबिन यांचं ट्यूनरस्टुडिओ आलं. आज लोकांना सोपं वाटणारं बरंच काही या घराण्यात घट्ट रुजलं.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ६००० आरपीएमला सेकंदाला २०० वेळा ठिणगी पडते. त्या वेगानं पळणारे आकडे कुणालाच वाचता येणार नाहीत. म्हणून तक्त्यावर एक ठिपका फिरत ठेवला : इंजिन या क्षणी कोणत्या चौकटीतून चाललंय, ते तो दाखवतो. चौकटींना रंग दिले, म्हणजे मध्येच उसळलेला चुकीचा आकडा नजरेत भरतो. बाण-कळा दाबून आकडा वर-खाली करता येतो, गाडीच्या हादऱ्यात टचपॅडशी झगडावं लागत नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय : केलेला बदल आधी तात्पुरत्या स्मृतीत जातो, इंजिन तो लगेच पाळतं, पण ‘बर्न’ केल्याशिवाय, म्हणजे कायमच्या स्मृतीत लिहिल्याशिवाय, तो कायमचा होत नाही. बिघडलं तर न लिहिता बंद करा, जुना मॅप, म्हणजे आकड्यांचा तक्ता, शाबूत. शिकणाऱ्याची भीती यानं कमी होते. पूर्ण भाराला पेट्रोल कमी पडलं आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) सुरू झालं, तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही, हे ध्यानात घेतलं की या सोयीची किंमत कळते.

खान्देशात याला उन्हाची जोड आहे. जानेवारीतल्या पहाटेचे १० अंश आणि मे मधल्या दुपारचे ४५ अंश यांत हवेची घनता सुमारे ११ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऑक्सिजनही तितका कमी. ईसीयू हे हवेच्या तापमानाच्या सेन्सरवरून, एका दुरुस्ती-तक्त्यानं सावरतो. पण गाडी उन्हात उभी राहिली की सेन्सर इंजिनाच्या धगीनंच तापतो, ईसीयूला हवा आहे त्याहून विरळ वाटते, पेट्रोल कमी सुटतं आणि चालू करताच इंजिन मिसिंग मारतं. हा दुरुस्ती-तक्ता मेनूच्या खोल कोपऱ्यात दडवण्याची चीज नाही, तो पहिल्या पानावर हवा. स्क्रीनही भर उन्हात वाचता यावा : मोठे आकडे, ठळक रंग.

सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस-इंजेक्टर असलेला) सीएनजी किट बसवणाऱ्यांनी अशा सॉफ्टवेअरची झलक पाहिली आहे. लॅपटॉप जोडायचा, ऑटो-कॅलिब्रेशन होऊ द्यायचं, मग इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो त्याची पेट्रोलवरची आणि गॅसवरची रेघ एकमेकींवर बसेपर्यंत मॅप सावरायचा. दोन रेघा जुळवा, एवढंच काम. ट्युनिंगच्या बाकीच्या सॉफ्टवेअरनं हा साधेपणा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

रस्त्यावरच्या गाडीला मात्र मर्यादा आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे निकष लागू आहेत आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. त्यामुळे मोकळेपणानं मॅप बदलायची जागा म्हणजे शर्यतीच्या आणि सुप्रासारख्या, विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धांतल्या गाड्या.

तिथेच आपल्या मुलांना वाव आहे. जॉश स्टुअर्ट यांचा स्पीडुइनो हा ईसीयू आर्डुइनो मेगा या छोट्या तयार संगणक-बोर्डावर चालतो आणि त्याचा कोड खुला आहे. ट्यूनरस्टुडिओत त्याचे मेनू, गेज, तक्ते कसे दिसावेत, हे एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहिलेलं असतं. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती उघडावी, एखाद्या जुन्या मिस्त्रीला शेजारी बसवावं आणि त्याला आधी काय बघायचंय ते विचारून पहिलं पान मांडावं. माझ्या मते त्यावर चारच गोष्टी पुरेत : आरपीएम, मिश्रण, टायमिंग, तापमान. आणि धोक्याची सूचना मिस्त्रीच्या बोलीत : ‘पेट्रोल कमी पडतंय, रेस सोडा.’