कामगार तलाठी, कोतवाल आणि भाऊसाहेब

हाताने लिहिलेला जुना सातबारा घरात असेल, तर त्यावरचा शिक्का एकदा नीट वाचा. ‘कामगार तलाठी, मौजे अमुक, तालुका तमुक.’ हा कामगार गिरणीतला नव्हे. पाटीलकीच्या वतनात भाऊबंद चार-पाच असले, तरी चावडीवर बसून काम बघणारा एकच. तो ‘कामगार पाटील’. कामगार म्हणजे हुद्द्याचं काम चालवणारा. पुढे गिरण्या आल्या, तो शब्द मजुराकडे गेला आणि जुना अर्थ शिक्क्यापुरता उरला.

सरकारी माणसांसाठी आपण वापरतो ते बरेचसे शब्द फारसीच्या वाटेने आले. खुद्द ‘सरकार’ फारसी, ‘नोकर’, ‘चाकर’ आणि ‘कारकून’ही. कारकून म्हणजे काम करणारा. त्याचं ‘कारकुंडा’ आपण केलं. ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. मराठीत तो घासून ‘नीस’ झाला आणि फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस अशी सारी दप्तरं आडनावं होऊन बसली. गंमत अशी की यातला चिटणीस तेवढा अजून पदावर आहे, पण सरकारात क्वचितच. पक्षांत आणि मंडळांत.

हे शब्द बदलण्याचा पहिला मोठा प्रयत्न शिवाजी महाराजांचा. १६७४च्या राज्याभिषेकानंतर मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत झाला. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पेशव्याचं नाव ‘पंतप्रधान’ ठेवलं, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवाच राहिला. ‘पंतप्रधान’ खऱ्या अर्थाने रुळायला दिल्लीत स्वतंत्र भारताचं सरकार यावं लागलं.

सचिवाची कथा आणखी वेगळी. अष्टप्रधानांत सचिव आणि मंत्री एकाच पंक्तीचे. आजच्या कारभारात मंत्री निवडून आलेला आणि सचिव त्याच्या हाताखालचा अधिकारी. मुंबईतल्या ‘सचिवालया’चं ‘मंत्रालय’ झालं ते शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. पाटी बदलण्यामागे इमारत कुणाची, हा प्रश्न होताच.

१८१८नंतर इंग्रज आले, पण त्यांनी खालच्या शब्दांना फारसा हात लावला नाही. कलेक्टर नवा, त्याच्या खाली मामलेदार, अव्वल कारकून, शिपाई जुनेच. छातीवर पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला, म्हणून ‘पट्टेवाला’. हे नाव कुठल्या कोशाने दिलेलं नाही, नुसतं बघून पडलं. वंशपरंपरेच्या कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला, तो शब्द गुजरातेतून, कारण तेव्हा मुंबई इलाखा एकच होता. विदर्भ त्या इलाख्यात नव्हता, म्हणून तिकडे अजून ‘पटवारी’ ऐकू येतो.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६०मध्ये भाषा संचालनालय स्थापन झालं आणि १९६२मध्ये ‘पदनाम कोश’ आला. त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून यथेच्छ टर उडवली गेली. माझ्या मते ती थोडी अन्यायाची होती. जिल्हाधिकारी, अधीक्षक, संचालक हे शब्द तेव्हा कानाला टोचले असतील; आज ते वर्तमानपत्रात आले तर कुणी थबकत नाही. तरीही अर्ज लिहिताना ‘मा. जिल्हाधिकारी’ आणि एसटीत शेजाऱ्याला सांगताना ‘कलेक्टर हाफिसात चाललोय’, हा दुहेरी हिशेब काही सुटला नाही. मामलेदाराचा तहसीलदार झाला, पण शेताच्या वाटेचा तंटा आजही १९०६च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली त्याच्याकडेच जातो. गोव्यात तर तो अधिकृतपणेही मामलेदारच आहे.

घसरण बघायची तर कोतवालाची. पेशवाईत पुण्याचा कोतवाल म्हणजे शहराचा बंदोबस्त हाती असलेला बडा अंमलदार. १९५८च्या कायद्याने गावकीतली कनिष्ठ वतनं गेली. महार वतनदारांवर लादलेली पिढीजात राबणूक कायद्याने संपली आणि गावात आला तो पगारी कोतवाल, महसूल खात्याच्या उतरंडीत अगदी तळाशी. नोटिसा पोचवणं, दवंडी देणं, साहेब आले की चावडी उघडणं ही त्याची कामं. नाव शहरकोतवालाचं, मानधन तुटपुंजं.

अलीकडे पुन्हा बारशांची लाट आली आहे. कोतवालाचा ‘महसूल सेवक’, तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’, ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’. यात एक मजा आहे: ग्रामसेवकाच्या नावातला सेवक जाऊन अधिकारी आला, आणि कोतवालाच्या नावात मात्र सेवक नव्याने घातला. गावाला याचं फारसं सोयरसुतक नाही. ग्रामसेवक असो की तलाठी, गावात हाक एकच, ‘भाऊसाहेब’. मंडळ अधिकारी ‘सर्कल’. आणि पाठीमागे सगळे मिळून ‘सरकारचे जावई’.

कायद्याच्या पुस्तकात या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, ‘लोकसेवक’. १८६०च्या दंडसंहितेपासून ही संकल्पना चालत आली. पण सामान्य माणसाला तो शब्द कुठे भेटतो? कचेरीत शिरताना, टेबलामागच्या फलकावर: लोकसेवकाच्या कामात अडथळा आणल्यास कलम ३५३खाली गुन्हा. १ जुलै २०२४पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत १३२ झालं आहे. फलकांवर बहुतेक ठिकाणी अजून ३५३च.