रक्ताचा बल्ब पोचतो, माहिती मागे राहते

सातपुड्यातल्या धडगावकडची एखादी मुलगी अंगात रक्त कमी म्हणून नंदुरबारला दाखल होते. हिमोग्लोबिन फारच उतरलेलं, म्हणून आधी रक्त चढवतात. दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी सांगतात. सिस्टर संगणकावर तपासणी निवडतात, बारकोड निघतो, जांभळ्या टोपणाचा बल्ब, म्हणजे रक्ताच्या नमुन्याची नळी, प्रयोगशाळेत जातो. सगळं नियमाप्रमाणे झालं, तरी रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

कारण त्या बल्बात आता दोघांचं रक्त आहे. एचपीएलसी यंत्र नेहमीचं हिमोग्लोबिन ए आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन एस वेगळं करून मोजतं. आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक मिळालेल्या मुलीत ए नसतंच. ते येतं रक्तदात्याच्या पेशींतून. मग आलेख वाहकासारखा, म्हणजे एकाच पालकाकडून ते जनुक मिळालेल्या आणि सहसा आजारी नसलेल्या व्यक्तीसारखा, दिसू शकतो. मुलगी आजारी असून ‘वाहक’ ठरली, तर हायड्रॉक्सीयुरियासारखे उपचार लांबणीवर पडतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून खात्रीची तपासणी तीन-चार महिने थांबून करतात. दरम्यान आई-वडिलांचं रक्त तपासलं तरी बराच उलगडा होतो.

आता रक्त चढवल्याचं प्रयोगशाळेला कळणार कसं? १९९४ मध्ये ज्यांचं काम सुरू झालं ते लॉइंक, म्हणजे तपासण्यांचे आंतरराष्ट्रीय संकेतांक, कोणती तपासणी हवी ते सांगतात, रुग्णाला काल काय दिलं ते नाही. ती माहिती धाडायला एचएल-सेव्हन या रुग्णालयातल्या संगणकांमधल्या संदेशपद्धतीत वेगळी जागा आहे. पण पडद्यावर ती विचारलीच नाही, किंवा भरूनही तंत्रज्ञाला दिसली नाही, तर उपयोग शून्य.

माझं स्पष्ट मत आहे: सिकलसेलची तपासणी निवडताच ‘गेल्या चार महिन्यांत रक्त चढवलं का?’ हा प्रश्न आलाच पाहिजे, आणि उत्तराशिवाय पुढे जाता येऊ नये. वयही ठळक दिसावं. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने सोल्युबिलिटी या सिकलसेलच्या झटपट प्राथमिक चाचणीवर विसंबता येत नाही. मात्र प्रत्येक तपासणीला दहा प्रश्न जोडू नयेत. रात्रपाळीत तीसेक रुग्ण सांभाळणाऱ्या सिस्टर मग समोर येईल ते बटण दाबतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

उलट दिशेचा निरोपही तेवढाच महत्त्वाचा. रक्त गोठलं म्हणून नमुना नाकारला, तर वॉर्डात नुसतं ‘प्रलंबित’ दिसता कामा नये. कारण दिसावं, फोनही जावा. आणि ‘रक्त चढवल्यामुळे निष्कर्ष अनिश्चित, चार महिन्यांनी पुन्हा तपासा’ हा प्रयोगशाळेचा शेरा डिस्चार्ज कार्डावर मराठीत उतरावा, कारण तोवर मुलगी पाड्यावर परतलेली असेल आणि तारीख आठवून देणारी असेल गावातली आशाताई.