घन ज्वाला अडखळत का धावते?

टायटेनियम आणि कार्बनची भुकटी एकजीव करून, दाबून तिची कांडी केली आणि एक टोक पेटवलं, की लखलखता पट्टा दुसऱ्या टोकाकडे सरकू लागतो. तापमान ३००० केल्विनच्या आसपास जातं, पण वायूची ज्योत जवळपास नसतेच. मागे उरतं अतिशय कठीण असं टायटेनियम कार्बाइड. मेर्झानोव्ह, बोरोविन्स्काया आणि श्किरो यांनी १९६७ साली मॉस्कोजवळच्या चेर्नोगोलोव्का इथे अशा ‘घन ज्वाले’चा शोध लावला.

काही मिश्रणांत मात्र हा पट्टा एकसारखा चालत नाही. रेंगाळतो, मग झेप घेतो, पुन्हा रेंगाळतो. तयार मालात त्याचे थर दिसतात. संशय आधी भुकटीवर जातो: नीट मिसळली नसेल. पण १९७१ मध्ये श्कादिन्स्की, खायकिन आणि मेर्झानोव्ह यांनी संगणकावर पूर्णपणे एकसंध मिश्रण ‘जाळून’ पाहिलं, तरी झटके आलेच. म्हणजे दोष भुकटीचा नव्हता.

घन पदार्थात उष्णता पुढे झिरपते, रेणू मात्र जागचे हलत नाहीत. पट्टा जरा मंदावला की पुढचा थर जास्त वेळ तापतो. त्याचं इंधन शाबूत असतं, वर ही आयती उष्णता. तो पेटतो तेव्हा तापमान नेहमीच्या कमाल पातळीच्याही वर उसळतं आणि पट्टा सुसाट सुटतो. तापलेला थर संपला की समोर थंड भुकटी, आणि वेग पडतो.

वेग तापमानाला किती हळवा आहे, हे एका संख्येत मांडता येतं. तिला क्ष म्हणू. सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा, जितकी मोठी, तितका क्ष मोठा. १९७८ मध्ये मॅटकोव्स्की आणि सिवाशिन्स्की यांनी ज्वलनाचा पट्टा अत्यंत पातळ धरून स्थिर चालीला बारीकसा धक्का दिला आणि तो विरतो की वाढतो, हे तपासलं. सरळ पुढेमागे होणाऱ्या झटक्यांसाठी, स्थिर चाल जिथे मोडते ती क्षची सीमा निघते ती अशी:

क्ष² − ४क्ष − १ = ०

उष्णतावहनाचं आंशिक विकलक समीकरण, सरकती सीमा, घातांकी वेग, आणि हाती येतं शाळेतलं वर्गसमीकरण! उत्तर २ + √५, म्हणजे सुमारे ४.२४. त्याखाली धक्का विरतो, त्यावर तो लयबद्ध स्पंदन होऊन टिकतो. मला हा निकाल फार सुंदर वाटतो.

धक्का आडवा, कांडीच्या परिघावरून जाणारा असेल, तर सीमा ४ पर्यंत उतरते. म्हणून पुरेशा जाड कांडीत स्पंदनाआधीच तेजस्वी ठिपका गोल फिरत, मळसूत्रासारखा पुढे जाऊ शकतो. असं फिरतं ज्वलन १९७३ मध्येच प्रयोगात नोंदलं गेलं होतं. बारीक कांडीत आडव्या लाटेला जागाच पुरत नाही, तिथे झटकेच येतात.

एकसंध माल हवा असेल तर यातूनच उपाय सुचतो. मिश्रण पेटवण्याआधी गरम केलं तर ज्वलनाचं तापमान वाढतं, क्ष घटतो आणि चाल स्थिरावते. उलट, तापमान आवरायला तयार कार्बाइडची पूड मिसळली तर क्ष वाढतो आणि थर पडण्याचा धोकाही वाढतो.