नाटक पस्तीस मिनिटांचं, तालीम दीड महिन्याची, आणि मोहल्ला नेमका कशाने जुळतो?

गणपतीत सादर होणाऱ्या एका एकांकिकेसाठी आमच्या कॉलनीत दीड महिना तालीम चालते. इंदूरमधे सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा भागात वाढलेल्या मराठी माणसाला हे चित्र ओळखीचं असेल, रात्री साडेनऊला जेवणं उरकून कोणाच्यातरी गच्चीवर जमायचं, अर्धी मंडळी उशिरा येणार, प्रॉम्प्टिंगवाल्या काकांना चष्मा सापडत नाही, पावसाची सर आली की सगळे जिन्यात आणि उरलेला प्रवेश मग जिन्यातच. मला बरीच वर्षं वाटायचं की ही सगळी मेहनत त्या पस्तीस मिनिटांसाठी आहे. मधे या विषयावरचं संशोधन वाचायला घेतलं आणि माझं मत साफ बदललं. कलेच्या कार्यक्रमाने वस्तीला जे बळ मिळतं त्यातलं बहुतेक तालमीत मिळतं, स्टेजवर थोडंच.

आता वस्तीचं बळ म्हणजे काय आणि ते मोजायचं कसं, हा पहिला प्रश्न. याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर शिकागोतून आलं. रॉबर्ट सॅम्पसन, स्टीफन रॉडनबुश आणि फेल्टन अर्ल्स या तिघा संशोधकांनी शहराचे 343 भाग पाडले, 8,782 रहिवाशांना प्रश्न विचारले आणि 1997 साली निष्कर्ष छापले. प्रश्न अगदी घरगुती होते. शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी दिसली तर शेजारपाजारचे कोणी काही बोलतील का? तुमच्या घरासमोर मारामारी झाली तर लोक मधे पडतील का? इथली माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात का? या उत्तरांवरून त्यांनी प्रत्येक भागाचा एक आकडा काढला, आपण त्याला मिळून निभावून नेण्याची ताकद म्हणू. जिथे ही ताकद जास्त तिथे हिंसक गुन्हे कमी, आणि गरिबी, लोकांचं सतत घरं बदलणं असल्या गोष्टी हिशोबात धरल्यावरही हा फरक उरत होता. म्हणजे दोन वस्त्या सारख्याच गरीब असल्या तरी सारख्याच असुरक्षित असतील असं नाही, शेजाऱ्यांचं आपसात काय नातं आहे त्यावरही बरंच अवलंबून असतं.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की यासाठी अख्ख्या गल्लीशी जिवाभावाची मैत्री लागत नाही. "हा आपल्यातला आहे, याला हाक मारली तर येईल" एवढा भरवसा पुरतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 साली नेमकं हेच दुसऱ्या बाजूने दाखवलं होतं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याने नोकरीचं सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा. नेहमी भेटणारे निघाले साधारण 17 टक्के, कधीमधी भेटणारे 56 टक्के आणि क्वचित भेटणारे 28 टक्के. कारण सरळ आहे, जवळच्या मित्रांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, नवी बातमी येते ती अर्ध्या ओळखीच्या माणसाकडून. त्याने या ओळखींना कच्चे धागे म्हटलं आणि हे कच्चे धागेच शहराला धरून ठेवतात असं मांडलं.

आणि तालमीइतके कच्चे धागे दुसरं काही विणत असेल असं मला वाटत नाही. नाटकात माणसं सहा, पण नाटकाला लागणाऱ्या गोष्टी साठ. जुन्या काळचा कंदील कोणाकडे आहे? नऊवारी नेसवायला कोण येईल? राजाचा अंगरखा शिवायचाय, शिलाई मशीन चालू अवस्थेत कुठे आहे? असं करत करत आपण अशा अशा दारांवर जातो जिथे एरवी वर्गणी मागण्यापलीकडे कधी उभे राहिलो नसतो. मागच्या एका पावसाळ्यात आमच्या खालच्या गल्लीत नाल्याचं पाणी शिरलं तेव्हा रात्री दोन वाजता सगळ्यात आधी जो व्हॉट्सॅप ग्रुप जागा झाला तो कॉलनीचा ऑफिशियल ग्रुप नव्हता, नाटकाचा ग्रुप होता. अंगरखा शिवून देणाऱ्या काकू एकट्या राहतात हे त्याच लोकांना माहीत होतं. दोन पोरं त्यांचं सामान उचलून वर ठेवायला गेली, त्यातला एकजण नाटकात त्यांनी शिवलेला अंगरखा घालणारा राजा होता.

हा झाला ओळखीचा भाग. पण कलेत आणखी काहीतरी आहे जे नुसत्या सोसायटीच्या मीटिंगमधे नाही, आणि ते शरीराशी जोडलेलं आहे. ऑक्सफर्डमधे 2010 साली वल्हवणाऱ्या 12 खेळाडूंवर एक छोटा प्रयोग झाला. रोइंग मशीनवर तेवढीच मेहनत एकदा एकट्याने आणि एकदा गटात एका लयीत करायची, आणि नंतर दंडाला बीपी मोजायचा पट्टा बांधून दुखायला लागेपर्यंत तो फुगवायचा. गटात वल्हवलं तेव्हा खेळाडूंनी जास्त दाब सहन केला. पट्टा कशाला, तर मेंदूत एंडॉर्फिन नावाची द्रव्यं तयार होतात जी वेदना कमी करतात आणि बरं वाटायला लावतात, ती थेट मोजणं अवघड, म्हणून वेदना किती सोसली जाते त्यावरून अंदाज घेतात. मेहनत तेवढीच असताना सोबतीने हा फरक पडला. पुढे 2015 साली ब्राझीलमधल्या 264 शाळकरी मुलांवर नाचाचा प्रयोग झाला, त्यात एका तालात नाचणं आणि दमेपर्यंत नाचणं या दोन्ही गोष्टींचा परिणाम वेगवेगळा मोजला. दोन्हींनी वेदना सोसायची क्षमताही वाढली आणि सोबतच्यांबद्दलची आपुलकीही. आता आपलं लेझीम पथक आठवा, ढोल-ताशा आठवा, नाहीतर अनंत चतुर्दशीला झांकीच्या, म्हणजे देखाव्याच्या चित्ररथाच्या, पुढे चालणारे आखाडे आठवा. एक ताल आणि दम निघेपर्यंत मेहनत, दोन्ही आहे त्यात. आपल्या आधीच्या पिढ्यांनी एंडॉर्फिन हा शब्द ऐकला नव्हता पण लेझीम कशी एकत्र बांधते हे त्यांना अंगातून माहीत होतं.

ह्याच मालिकेतला आणखी एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमधे प्रौढांचे नवे वर्ग सुरू केले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे आणि लेखनाचे, आणि सात महिने लोकांची एकमेकांशी जवळीक कशी वाढते ते पाहिलं. गाणारे लोक पहिल्या महिन्यातच पटकन जवळ आले. पण सात महिन्यांनंतर बघितलं तर हस्तकलावाले आणि लेखनवालेही तेवढेच जवळ आलेले होते! गाणं वितळवतं लवकर, पण शेवटी जोडतं ते पुन्हा पुन्हा त्याच माणसांनी भेटणं. म्हणून एखाद्या कॉलनीत कोणालाच गाता येत नसेल तरी बिघडत नाही, रांगोळीचा गट करा, मातीचे किल्ले करा, फक्त दर आठवड्याला भेटा.

आमच्याकडे एका वर्षी उलटं करून झालंय. सगळ्यांना वेळ कमी होता म्हणून कमिटीने ठरवलं की यंदा तालीम वगैरे नको, बाहेरून इव्हेंटवाले बोलवू. मोठं स्टेज आलं, एलईडीचा पडदा आला, ऑर्केस्ट्रा आला, गर्दी नेहमीच्या दुप्पट जमली आणि गाणी खरोखर छान झाली. पण रात्री कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला आम्ही चौघेच उरलो होतो, आणि त्या वर्षी जे नवीन भाडेकरू आले त्यातल्या एकाचंही नाव मला पुढच्या गणपतीपर्यंत माहीत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं. पैसा जास्त गेला, मोहल्ल्याच्या हाती काही लागलं नाही.

प्रेक्षक असण्यात काही अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो या संशोधकांनी इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या 6,710 लोकांचा 14 वर्षांचा डेटा 2019 साली तपासला, तर नाटक, मैफल, प्रदर्शन बघायला दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांमधे त्या काळात मृत्यूचं प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा 31 टक्के कमी होतं, पैसा, शिक्षण, आधीचे आजार हे सगळं हिशोबात धरूनही. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला वर्षानुवर्षं नेमाने जाणारे आणि मध्यंतरात चहा घेत घेत दहा घरांची चौकशी करणारे आजोबा-आजी इंदूरने भरपूर पाहिलेत. त्यांना घरी बसवू नका एवढंच.

पण तयारीची ताकद बघायची असेल तर इंदूरला शिकागोला जायची गरज नाही, आपल्या झांक्याच बघा. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या झांक्या रात्रभर शहरातून फिरतात, ही परंपरा शंभरेक वर्षांची आहे. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, या गिरण्यांचे कामगार आपल्या आपल्या गिरणीची झांकी बनवायचे आणि त्यात चुरस असायची. या कामगारांत मालव्यातले होते, उत्तर प्रदेशातले होते, राजस्थानातले होते, आपले महाराष्ट्रातून आलेलेही होते, घरी बोली वेगळी, सण वेगळे. पण लाकडाचा सांगाडा, कागदाचा लगदा, मोटर लावून हलणारे हात, दिव्यांच्या माळा, हे सगळं जुळवायला आठवडेच्या आठवडे एका छपराखाली काम करावं लागतं आणि तिथे बोली आडवी येत नाही. मग नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा चेक यायला 2023 चा डिसेंबर उजाडला, तीस वर्षांहून जास्त. गिरणी बंद, पगार नाही, कित्येक साथीदार वारले, तरी करोनाची वर्षं सोडली तर झांकी निघत राहिली, वर्गणी काढून, मदत मागून, पण निघाली. लोक याला श्रद्धा म्हणतात आणि ती आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, ज्या लोकांना थकबाकीसाठी तीस वर्षं एकत्र टिकून राहायचं होतं त्यांना दरवर्षी एकदा एकत्र काम करायला लावणारं हे एक कारण होतं. हे माझं अनुमान आहे, कोणी मोजलेलं नाही, पण सॅम्पसनचे ते प्रश्न मिल एरियात जाऊन विचारावेत असं मला फार मनापासून वाटतं.

मोजलेलं आहे ते न्यूयॉर्कमधे. मार्क स्टर्न आणि सुसान सायफर्ट हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संशोधक 1994 पासून हाच विषय धरून बसलेत. 2017 साली त्यांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांचा अभ्यास मांडला, त्यात कमी उत्पन्नाच्या पण कलासंस्था, कलाकार, कार्यक्रम जास्त असलेल्या वस्त्यांची तुलना तशाच गरीब पण हे कमी असलेल्या वस्त्यांशी केली. गंभीर गुन्हे 18 टक्के कमी, मुलांच्या छळाच्या आणि दुर्लक्षाच्या केसेस 14 टक्के कमी, इंग्रजी आणि गणितात वरच्या श्रेणीत येणारी मुलं 18 टक्के जास्त. श्रीमंत वस्त्यांमधे हा संबंध एवढा ठळक दिसला नाही, म्हणजे ज्यांच्याकडे बाकी आधार कमी त्यांना कलेचा आधार जास्त लागतो. अर्थात हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, कदाचित ज्या वस्त्या आधीच एकजूट असतात तिथेच कार्यक्रमही जास्त होत असतील, आणि हे त्या दोघांनीही लपवलेलं नाही. तेव्हा आपण नाटक केलं म्हणून उद्या चोऱ्या थांबतील असं कोणी सांगायला लागलं तर विश्वास ठेवू नका.

एक अडचण आहे जी आपल्या लोकांना ऐकायला आवडत नाही. रॉबर्ट पटनम या अभ्यासकाने ओळखींचे दोन प्रकार सांगितले, आपसातल्यांना घट्ट बांधणाऱ्या आणि परक्यांपर्यंत पूल टाकणाऱ्या. आपल्या मराठी मंडळांचा पहिला प्रकार जबरदस्त आहे, दुसरा लंगडा. आमच्या गल्लीत सिंधी आहेत, गुजराती आहेत, मालवी बोलणारे आहेत आणि बरीच वर्षं ते आमच्या गणपतीत आरतीला यायचे, प्रसाद घ्यायचे आणि जायचे. एकांकिका मराठीतच व्हावी असं माझं ठाम मत आहे, इंदूरमधे पोरांच्या कानावर मराठी पडायला दुसरी जागा तरी किती उरलीये, पण लाइट लावायला, नेपथ्य ठोकायला, ढोलक वाजवायला मराठी यावं लागत नाही. आमचा प्रकाशयोजनावाला तीन वर्षांपासून एक सिंधी दुकानदार आहे, नाटकातलं प्रत्येक वाक्य त्याला पाठ आहे आणि जुलै लागला की तोच विचारतो, "भिया, अपन कब से चालू कर रहे?"

तुम्हाला स्वतःच्या गल्लीत हे तपासायचं असेल तर एक साधा प्रयोग मी करून बघितलाय. तालमी सुरू व्हायच्या आधी कागदावर गल्लीतली घरं काढायची आणि ज्या घरातल्या निदान एका माणसाचं नाव आपल्याला येतं त्यावर खूण करायची, विसर्जनानंतर तोच कागद परत भरायचा. आमच्या गल्लीत 41 घरं. माझ्या खुणा आधी 17 होत्या, नंतर 33 झाल्या. उरलेली आठ बघितली तर त्यातली पाच घरं म्हणजे बाहेरगावच्या पोरांची पीजी आणि भाड्याचे फ्लॅट, कोचिंगला आलेली, आयटीत नोकरी करणारी, रात्री बारापर्यंत जागी असणारी मुलं, जी आमच्या तालमीचा आवाज रोज ऐकतात आणि ज्यांना वर या म्हणून कोणी कधी म्हटलेलं नाही. यंदा नाटकात गावकऱ्यांचा घोळका आहे, दहा-बारा जण लागतील, संवाद एकही नाही. नारळ फुटायच्या आदल्या दिवशी मी आणि प्रकाशयोजनावाला त्या पाच दारांवर जाऊन येणार आहोत.