शून्य सावली दिवस (सातारा-सांगली)

माध्यान्हीला सूर्य नेमका डोक्यावर आला की उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते. हा शून्य सावली दिवस. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या गावांना तो वर्षातून दोनदा मिळतो, दिल्लीला कधीच नाही. सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले त्याचे अंशांतले अंतर) गावाच्या अक्षांशाएवढी झाली की तो येतो.

सांगलीत (16°51′ उत्तर) तो साधारण 7 मे, कराडला 9 मे आणि साताऱ्यात (17°41′ उत्तर) 10 मे या दिवशी येतो. लीप वर्षामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो. या दिवसांत सूर्य रोज सुमारे 0.27 अंश, म्हणजे जमिनीवर 30 किमी, उत्तरेकडे सरकतो. सांगली ते सातारा निव्वळ दक्षिणोत्तर अंतर 92 किमी, म्हणून तीन दिवसांचा फरक. पूर्व-पश्चिम अंतराने तारीख बदलत नाही, वेळ बदलते. विशाखापट्टणम साताऱ्याच्याच अक्षांशावर आहे; तिथेही 10 मेच, पण 11.53 वाजता. साताऱ्यात 12.30 वाजता.

बरोबर बाराला सावली नाहीशी होईल या समजुतीने बहुतेकांचा प्रयोग हुकतो. आपले घड्याळ 82°30′ पूर्व रेखांशाचे, सातारा 74° वर. साडेआठ अंशांची, अंशाला 4 मिनिटांप्रमाणे, 34 मिनिटे होतात. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या सुमारे 4 मिनिटे पुढे असतो, ती वजा करायची. नकाशातला साताऱ्याच्या अक्षांशाचा 17.68 हा आकडा 17°68′ असा वाचू नये; .68 ला 60 ने गुणले की 41′ येतात.

प्रयोगाला 30 सेंमी लांबीचा सरळ पाइप घ्यावा. फरशी पाणसळीने आणि पाइप ओळंब्याने दोन बाजूंनी तपासावा. इथे हयगय चालत नाही: पाइप एका अंशाने कलला तरी 5 मिमी सावली पडते, आणि तारीख एक दिवस चुकल्याने मात्र जेमतेम दीड मिमी. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड मुळातच पुसट असते; त्यामुळे आखूड पाइपवर आदला किंवा पुढचा दिवसही 'शून्य' वाटतो. पोकळ पाइपमधून तळाशी पूर्ण गोल उजेड पडणे ही जास्त खात्रीची खूण. वेळेच्या दहा मिनिटे आधीपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करत राहावे. सावली पश्चिमेकडून आखडत येते आणि मग पूर्वेला वाढू लागते.

परतीच्या वाटेवर सूर्य आधी साताऱ्यावर (2 ऑगस्टच्या सुमारास, 12.40 वाजता) आणि मग सांगलीवर (5 ऑगस्ट) येतो. तेव्हा साताऱ्यावर बहुधा ढग असतात. जत, आटपाडीकडे ऊन मिळण्याची शक्यता अधिक. गावाच्या मेमधल्या आणि ऑगस्टमधल्या तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीची सावली उत्तरेला नव्हे, दक्षिणेला पडते. दुपारच्या सावलीवरून दिशा ठरवणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावे.