दोन पातळ्यांच्या अणूवरून पेटलेला वाद : प्रकाश-द्रव्य आंतरक्रियेच्या सिद्धांताची पार्श्वभूमी

प्रकाश आणि द्रव्य यांच्या आंतरक्रियेवर सैद्धांतिक पीएचडीला बसणाऱ्याची गाडी आज बरेचदा पहिल्याच पानावर अडते: हॅमिल्टोनियन, म्हणजे प्रणालीच्या एकूण ऊर्जेचं गणिती सूत्र, कोणता लिहायचा? चाळीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. एक अणू आणि प्रकाशाचा एक मोड यांचं जेन्स-कमिंग्ज मॉडेल होतं, ते सुटतही होतं, आणि त्यात नवं काय घालायचं एवढाच विचार करायचा असे.

आधीचा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ असतो. १९१७ मध्ये उत्तेजित उत्सर्जन आलं, १९२७ मध्ये प्रकाशक्षेत्राचं पुंजीकरण, म्हणजे क्वांटमच्या नियमांत मांडणी, झालं. १९४६ मधल्या एका परिच्छेदभराच्या टिपणाने सांगितलं की अणूचा उत्स्फूर्त उत्सर्जनाचा वेग त्याच्या भोवतालच्या कॅव्हिटीवर, म्हणजे प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या पोकळीवर, अवलंबून असतो. १९५४ मध्ये अनेक अणू एकाच प्रकाशक्षेत्राला मिळून प्रतिसाद देतात तेव्हा काय होतं याचा हिशेब मांडला गेला, तोच आजचा डिके मॉडेल. आणि १९६३ मध्ये दोन पातळ्यांचा एक अणू, कॅव्हिटीतला एकच मोड (प्रकाशाचं एकच ठरावीक कंपन), अशी जोडी कागदावर पूर्ण सोडवता आली; हेच जेन्स-कमिंग्ज मॉडेल.

या १९६३ च्या मॉडेलवर प्रबंधांची एक अख्खी पिढी पोसली गेली. दोन मोड घ्या, दोन फोटॉनचं संक्रमण घ्या, कपलिंग (अणू-प्रकाश जोडणीचं बळ) तीव्रतेनुसार बदलू द्या, आणि दर वेळी नवा प्रकरणभर निकाल हाती. यातलं बरंचसं आज कुणी उघडून पाहत नाही. पण १९८० मध्ये याच गणितातून निघालेलं एक भाकीत टिकलं: अणूचं दोलन आधी विरून जाईल आणि काही काळाने आपोआप पुन्हा उभं राहील. फोटॉनची संख्या पूर्णांकातच असते, म्हणूनच हे घडतं. १९८७ मध्ये सूक्ष्मतरंगांच्या कॅव्हिटीत ते दिसलं. १९९२ मध्ये प्रकाशीय कॅव्हिटीतले अणू आणि अर्धवाहकांच्या सूक्ष्मकॅव्हिटी, दोन्हीकडे स्ट्राँग कपलिंग गाठलं गेलं. ऊर्जा निसटून जाण्यापूर्वीच अणू आणि प्रकाश यांच्यात तिची देवाणघेवाण होते, असा त्याचा अर्थ.

त्या काळातल्या सूक्ष्मतरंग प्रयोगांत कपलिंगचं मोडच्या वारंवारतेशी प्रमाण दशलक्षांशाच्या आसपास होतं. इतक्या लहान आकड्यापुढे काहीही खपतं. अणूच्या अगणित पातळ्यांतल्या दोनच ठेवल्या, वेगाने फिरणारी पदं गाळली, सदिश विभवाच्या वर्गाचं पद, म्हणजे ए-वर्ग पद, सोडून दिलं, तरी उत्तर बिघडत नसे. हे सगळं सोयीसाठी होतं, पण पाठ्यपुस्तकांतून ते निसर्गनियमासारखं शिकवलं गेलं.

पहिला धक्का बसला तो डिके मॉडेलला. १९७३ मध्ये गणिताने दाखवलं की कपलिंग पुरेसं वाढलं तर समतोलातच प्रावस्था (पाण्याचा बर्फ व्हावा तशी अवस्था) बदलते आणि कॅव्हिटी आपसूक फोटॉननी भरते. दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, उत्तर आलं: गाळलेलं ए-वर्ग पद परत घाला, मग बघा. दोलक-बलांच्या, म्हणजे अणूच्या वेगवेगळ्या संक्रमणांच्या बळांच्या, बेरजेचा नियम या पदाला एक किमान मूल्य बांधून देतो, आणि ते मूल्य प्रावस्थाबदल कायमचा हाताबाहेर ठेवायला पुरेसं असतं. हाच तो नो-गो निकाल. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत शहाणा निबंध, आणि सर्वांत जास्त काळ दुर्लक्षित राहिलेलाही.

२००५ मध्ये अल्ट्रास्ट्राँग कपलिंगची कल्पना मांडली गेली आणि ही जुनी थकबाकी वर आली. कपलिंगचं वारंवारतेशी प्रमाण ०.१ च्या पुढे गेलं की अल्ट्रास्ट्राँग म्हणायचं, हा संकेत आहे, तिथे भौतिकीत कुठली रेघ नाही. २००९ मध्ये अर्धवाहक क्वांटम वेल्समध्ये (इलेक्ट्रॉन कोंडणाऱ्या अतिपातळ थरांत) ते दिसलं, २०१० मध्ये अतिवाहक परिपथांत प्रमाण १२ टक्क्यांवर पोचलं, २०१७ मध्ये १ च्याही पलीकडे. आता वेगाने फिरणारी पदं गाळणं शक्य नव्हतं. ती ठेवलेल्या रॅबी मॉडेलचं नेमकं विश्लेषणात्मक उत्तर २०११ मध्ये मिळालं, रॅबीच्या १९३६ मधल्या मूळ मॉडेलनंतर तब्बल ७५ वर्षांनी. कॅव्हिटीतून होणाऱ्या ऊर्जागळतीचा हिशेब ठेवणारं नेहमीचं मास्टर समीकरणही इथे लंगडं पडलं. ते जसंच्या तसं वापरलं तर शून्य तापमानालाही कॅव्हिटीतून फोटॉन बाहेर पडत राहतात. फुकटची ऊर्जा!

नो-गो निकालावर मग दोन्ही बाजूंनी हल्ले झाले. २०१० मध्ये दावा आला की अतिवाहक परिपथांना ही मनाई लागू नाही; २०११ मध्ये प्रतिदावा आला की परिपथाचं सूक्ष्म वर्णन केलं तर लागू होते. त्याच २०१० मध्ये अतिशीत अणूंच्या कंडेन्सेटमध्ये (सगळे अणू एकाच क्वांटम स्थितीत असलेल्या ढगात) डिके मॉडेलचा प्रावस्थाबदल प्रत्यक्ष दाखवला गेला. पण तिथल्या दोन पातळ्या म्हणजे अणूंच्या दोन संवेगस्थिती, आणि बाहेरून लेसर सतत चालू. समतोलाचा मूळ प्रश्न त्याने सुटला असं म्हणता येत नाही, जरी बरेच प्रबंध प्रस्तावनेत तसं सुचवून पुढे सरकतात.

खरी गाठ सुटायला लागली ती २०१८ नंतर. पूर्ण सिद्धांतात गेज, म्हणजे विद्युतचुंबकीय विभवं लिहिण्याची पद्धत, कुठलंही घ्या, उत्तर एकच. पण अणूच्या दोन पातळ्या सोडून बाकीच्यांवर कात्री चालवली की कूलाँब गेज आणि द्विध्रुव गेज वेगवेगळी वर्णपटं देतात, आणि अल्ट्रास्ट्राँग क्षेत्रात फरक ढळढळीत दिसतो. असमान अंतराच्या ऊर्जापातळ्या असलेल्या द्विध्रुवांसाठी (प्रकाशाला जोडलेल्या अणूसारख्या प्रणालींसाठी) द्विध्रुव गेज बरंच जवळचं उत्तर देतं, कूलाँब गेज सपशेल चुकतं. कारण संवेगाचे मॅट्रिक्स-घटक उंच पातळ्यांकडे जाताना लवकर मंदावत नाहीत. २०१९ मध्ये एक दुरुस्ती सुचवली गेली: कात्री लावल्यावर अणूचं विभव अस्थानिक होतं, म्हणजे फक्त एका बिंदूवर अवलंबून राहत नाही, म्हणून कपलिंग त्या छाटलेल्या विभवालाच लावा, मग दोन्ही गेज जुळतात. दुसऱ्या गटाला हे पटलेलं नाही. त्यांच्या मते प्रत्येक गेजमधली कात्री हे वेगळंच मॉडेल असतं, कारण ‘अणू’ कुठे संपतो आणि ‘प्रकाश’ कुठे सुरू होतो ही रेघच गेज ठरवतं. तळस्थितीत, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत, किती फोटॉन आहेत, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यावर अवलंबून. माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे. दुरुस्ती चालते, पण ती का चालते याचं उत्तर हा दुसरा गटच जास्त प्रामाणिकपणे देतो.

दरम्यान विषय रसायनशास्त्रात शिरला. २०१२ मध्ये आणि मग २०१६ मध्ये, कॅव्हिटीत ठेवलेल्या रेणूंच्या अभिक्रियेचा वेग बदलतो असे निकाल आले. दुसऱ्या वेळी तर बाहेरून प्रकाश न पाडता. २०२१ मध्ये अशा अभिक्रियांची पुनरावृत्ती करणाऱ्यांना परिणाम न मिळाल्याचंही प्रसिद्ध झालं. सिद्धांताची अडचण अशी की कपलिंग सामूहिक असतं: रेणूंच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतं, पण एकेका रेणूच्या वाट्याला नगण्य येतं, आणि बंध तर एकेकाचाच तुटायचा असतो. नव्या प्रबंधांचा मोठा वाटा सध्या याच कोड्यावर खर्च होतो आहे. त्यातही सोयीसाठी द्रव्याच्या ध्रुवणाच्या वर्गाचं पद (द्विध्रुव गेजमधलं ए-वर्ग पदाचं भावंड) गाळणारे आहेतच, जरी ते गाळल्यावर पूर्ण सिद्धांतात रेणूला तळस्थितीच उरत नाही.