कृष्णविवर आणि कथेतली विवरे

पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फूकोचा लंबक आहे. तो झुलत राहतो आणि त्याच्या झुलण्याची दिशा हळूहळू सरकत जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा. पृथ्वीची फेरी 24 तासांची, तेव्हा लंबकाची दिशाही 24 तासांत फिरून जागेवर यावी, असे कोणालाही वाटेल. पुण्यात मात्र त्या फेरीला सुमारे 75 तास लागतात. हे ऐकल्यावर लंबकात बिघाड असल्याची शंका येते. पण 24 तासांचा हिशेब ध्रुवावरचा आहे, विषुववृत्ताकडे यावे तसा तो लांबत जातो आणि साडेअठरा अंश अक्षांशावर तिपटीहून मोठा होतो, हे कळले की तोच लंबक पूर्वीपेक्षा अधिक रंजक वाटू लागतो.

क्रिस्तोफर नोलन यांचा 2014 सालचा ‘इंटरस्टेलर’ हा अंतराळप्रवासाचा चित्रपट मी याच नजरेने पाहतो. 2025 च्या फेब्रुवारीत तो भारतात पुन्हा पडद्यावर आला तेव्हा अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याला सोबत नेले होते. बाहेर पडून अमृततुल्यात चहा येईपर्यंत चित्रपटातल्या चुकांची त्याची यादी तयार होती. त्यातला पहिला मुद्दा, अर्थातच, त्या पाण्याच्या ग्रहाचा: तो कृष्णविवराच्या, म्हणजे ज्यातून प्रकाशही सुटत नाही अशा वस्तूच्या, अगदी जवळून फिरतो आणि तिथल्या एका तासात पृथ्वीवर सात वर्षे उलटतात. “एक तास म्हणजे सात वर्षं? मामा, हे सरळसरळ गंडलंय!”

सात वर्षांचे तास होतात सुमारे 61 हजार. गुरुत्वाकर्षण जितके तीव्र तितके घड्याळ मंद, हे आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून निघते आणि आपण त्याचा रोज वापर करतो: जीपीएस उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे धावतात, आणि ती दुरुस्ती केली नाही तर सदाशिव पेठेत शिरलेल्या माणसाला नकाशा दिवसाभरात काही किलोमीटर दूर नेऊन सोडेल. पण मायक्रोसेकंद कुठे आणि सात वर्षे कुठे! भाच्याचा संशय रास्तच होता. स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवराजवळ ग्रहाला स्थिर वर्तुळाकार कक्षा एका ठरावीक अंतरापर्यंतच मिळते, आणि त्या शेवटच्या कक्षेतही ग्रहावरच्या एका तासात दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळात जेमतेम 85 मिनिटे होतात. सात वर्षे सोडाच, पुणे-मुंबई प्रवासातली एक कोंडीही त्यात भरून निघायची नाही.

चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी 2017 चे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांपैकी हे एक. उत्तर सापडले ते कृष्णविवराच्या गिरकीत. कृष्णविवर वेगाने फिरत असेल तर ते भोवतालच्या अवकाशालाच आपल्याबरोबर फरफटत नेते, स्थिर कक्षा क्षितिजाच्या, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, अगदी कडेला जाऊन भिडते आणि घड्याळ हवे तितके मंद करता येते. त्यासाठी गिरकी कमाल मर्यादेपेक्षा शंभर लाख कोटींतला एक भाग एवढीच कमी असावी लागते. गंमत अशी की, निसर्गातली कृष्णविवरे कमाल मर्यादेच्या 0.998 पटीच्या आसपास अडखळतील, असे गणित 1974 मध्ये खुद्द थॉर्न यांनीच मांडले होते. म्हणजे ही गोष्ट अत्यंत असंभाव्य आहे, पण भौतिकशास्त्राने निषिद्ध ठरवलेली नाही. कथाकाराने एवढी सवलत घेतली तर माझी तक्रार नाही.

इथून पुढे कथेत एक असे भोक दिसते जे भाच्याच्या यादीत नव्हते, मीच काढून दिले. दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाच्या या विवराभोवती तो ग्रह दूरच्या निरीक्षकाच्या घड्याळाने दर 1.7 तासाला एक फेरी मारतो. कक्षेचा परीघ अब्ज किलोमीटरच्या घरातला. आता हीच फेरी ग्रहावरच्या मंद घड्याळाने मोजली तर सेकंदाला दहा फेऱ्या भरतात! प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. मग हा ग्रह प्रकाशाला मागे टाकतो की काय? भाच्याने चहा बाजूला ठेवून मोबाइलवर भागाकार केला आणि गप्प झाला. खुलासा पुन्हा त्या फरफटीत आहे. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा जवळच्या अवकाशाच्या संदर्भात पाळायची असते, आणि इथे अवकाशच भोवऱ्यातल्या पाण्यासारखे फिरते आहे. त्या वाहत्या अवकाशाच्या तुलनेत ग्रहाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपासच भरतो. दूरची फेरी आणि जवळचे घड्याळ यांचा भागाकार आपण केला, तो कोणाचाच वेग नव्हता.

ग्रह फाटून कसा जात नाही, याचे उत्तर वस्तुमानात आहे: कृष्णविवर जितके मोठे, तितकी त्याच्या क्षितिजाजवळची ताणशक्ती, म्हणजे ग्रहाच्या जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक, कमी. दहा कोटी सूर्य ही संख्या त्यासाठीच निवडलेली आहे.

काही ठिकाणी मात्र जाणूनबुजून असत्य दाखवले आहे. विवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची आपल्याकडे येणारी बाजू खूप उजळ आणि दूर जाणारी जवळजवळ काळी दिसायला हवी. प्रेक्षक गोंधळेल म्हणून नोलन यांनी ती सारखी उजळ ठेवली आणि दृश्यापुरती गिरकीही बरीच कमी केली. 10 एप्रिल 2019 रोजी एम 87 दीर्घिकेतील कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली, तेव्हा कड्याची एक बाजू स्पष्टपणे अधिक उजळ होती. ज्यांना हे ठाऊक होते त्यांना ते असमान कडे पाहताना चित्रपटही आठवला असेल.

आणि काही भोके खरोखरच भोके आहेत. पृथ्वीवरून सुटायला टप्प्याटप्प्यांचे अवाढव्य रॉकेट लागते, पण पृथ्वीच्या 1.3 पट गुरुत्वाकर्षण असलेल्या त्या पाण्याच्या ग्रहावरून चित्रपटातले छोटे यान आपल्या बळावर भुर्रकन उडते. इथे कोणतेही समीकरण मदतीला येत नाही. कथेला तिथून लवकर निघायचे होते, एवढेच.

भाच्याचा शेवटचा मुद्दा सर्वांत जुना होता: चित्रपटात भविष्यातला बाप भूतकाळातल्या मुलीला खूण पाठवतो आणि त्या खुणेमुळेच तो भविष्यात पोहोचतो, तर सुरुवात कुठे झाली? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी बिलियर्डच्या चेंडूवर सोडवून पाहिला आहे. आपण कॅरमची सोंगटी घेऊ. सोंगटी एका कृमिविवरात, म्हणजे अवकाश आणि काळातल्या आडवाटेच्या बोगद्यात, शिरते, काही क्षण आधीच्या काळात बाहेर पडते आणि स्वतःलाच अशी धडकते की ती त्या बोगद्यात जाऊच नये. हा झाला विरोधाभास. थॉर्न आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवले की अशा मांडणीतही सुसंगत उत्तरे असतात: बाहेर आलेली सोंगटी स्वतःला जोरात धडकत नाही, नुसती चाटून जाते, त्या चाटण्याने तिची वाट किंचित वळते, आणि वाट वळल्यामुळेच ती पुढे नुसती चाटून जाते. अडचण उलटीच निघाली. उत्तर एक नव्हते, असंख्य होती.

भाच्याने टेबलावर दोन बिस्किटे ठेवून ती चाटून जाणारी धडक करून पाहिली. तिसऱ्या प्रयत्नात एक बिस्किट चहात पडले.